कायमचे वेगळे राहत नाहीत

२०२३ साली श्रावण अधिक आला होता. लग्नानंतरचा आमचा तो पहिलाच अधिक महिना, आणि वाण द्यायला जावई समोर नाही, याची आईला मोठी रुखरुख लागून राहिली होती. शेवटी ६ ऑगस्टच्या रविवारी आम्ही सांगलीला, माझ्या माहेरी, ते करायचं ठरवलं. आईने तेहतीस अनारसे तळले. एकही हसला नाही, सगळे नीट जाळीदार उतरले. चांदीच्या निरांजनात वात घातली, पाटाभोवती रांगोळी काढली आणि पाटावर पाण्याच्या तांब्याला टेकवून माझा फोन उभा केला. सांगलीत सकाळचे अकरा वाजले होते, मेलबर्नमध्ये दुपारचे साडेतीन. तिकडे तो नवा शर्ट घालून, पाटावर बसल्यासारखा ताठ बसला होता. आईने फोनला ओवाळलं. बाबांनी फोटो काढला.

तो फोटो पुढे आमच्या व्हिसाच्या अर्जात गेला. त्याखाली दोन ओळींत इंग्रजीत लिहायचं होतं, की हे काय चाललंय, कुठे, कधी आणि चित्रात कोण कोण आहे. मी अर्धा तास त्या दोन ओळींपाशी अडले. अधिक महिना म्हणजे काय, जावयाला वाण का देतात, तेहतीसच का, आणि जावई फोनमध्ये असला तरी आईने तेहतिसातला एकही कमी का केला नाही, हे कुणा अनोळखी अधिकाऱ्याला दोन ओळींत कसं सांगायचं?

नवरा ऑस्ट्रेलियात कायम रहिवासी आहे. आमचं लग्न फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं, तो साडेतीन आठवड्यांची रजा घेऊन आला होता. रजा संपल्यावर तो गेला आणि मी पुण्यात सासरी राहिले. तिथल्याच एका शाळेत मी शिकवत होते. तिकडे राहायला जायचं, तर बाहेरून अर्ज करणाऱ्या जोडीदारासाठी जो व्हिसा आहे त्याचा क्रमांक ३०९, आणि त्याला जोडून १००. अर्ज एकदाच करायचा, निर्णय मात्र दोनदा होतो. आधी ३०९, म्हणजे तात्पुरता. अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षं उलटली की नातं अजून टिकून आहे ना हे पुन्हा पाहतात आणि मग १००, म्हणजे कायमचा. आम्ही ऑगस्टच्या अखेरीस अर्ज भरला तेव्हा फी ८,८५० डॉलर होती. आपल्या पैशांत पावणेपाच लाखांच्या आसपास. अर्ज नाकारला गेला, तर सहसा हे पैसे परत मिळत नाहीत. ज्या घरात लग्नाचाच खर्च अजून फिटायचा आहे, तिथे ही रक्कम कशी उभी राहत असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

पैशांपेक्षा मला भीती होती ती पुराव्यांची. आमचं लग्न ठरवून झालेलं. साखरपुड्यापूर्वी प्रत्यक्ष भेट दोनदा, लग्नानंतर एकत्र राहिलो ते जेमतेम वीस दिवस, त्यातले चार कुलदैवताला आणि गावी. कायद्याप्रमाणे नातं चार बाजूंनी पाहतात: पैशाचे व्यवहार, घरातलं राहणं, लोकांसमोरचं नातं आणि एकमेकांविषयीची बांधिलकी. त्यांच्या १९९४ च्या स्थलांतर नियमावलीत हे सगळं लिहिलेलं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चारही रकान्यांपुढे माझ्याकडे काहीच नाही असं वाटलं. भाडेकरार एकत्र नाही, विजेचं बिल एकत्र नाही. बँकेत त्याच्या एनआरई, म्हणजे परदेशस्थ भारतीयांसाठीच्या, खात्यावर माझं नाव दुसरं लागलं होतं, तेही वेगळ्या अटीवर. मी भारतात राहणारी नातेवाईक असल्यामुळे खातं प्रत्यक्ष चालवायचं त्यानेच, त्याच्या पश्चात ते माझं. ही अट बँकेतल्या बाईंनी मला समजावली तेव्हा मी नुसतीच मान डोलावली होती.

मग एका रात्री मूळ कायदाच काढून वाचला. १९५८ चा स्थलांतर कायदा, कलम ५एफ. नवरा-बायको कुणाला म्हणायचं ते त्यात दिलंय. विवाह वैध हवा, इतर सर्वांना वगळून एकमेकांशी सहजीवनाची परस्पर बांधिलकी हवी, नातं खरं आणि चालू असायला हवं. आणि शेवटची अट: ते दोघे एकत्र राहतात, किंवा कायमचे वेगळे राहत नाहीत.

ते शेवटचे शब्द मी तीन-चारदा वाचले. कायमचे वेगळे राहत नाहीत. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आमच्यासारखी माणसं होती. दूर राहणारी, पण दूर राहायचं नसलेली. मी ती ओळ मराठीत करून बाबांना फोनवर वाचून दाखवली. बाबा सांगलीच्या शाळेतून संस्कृतचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. ते म्हणाले, "इतर सर्वांना वगळून म्हणजे आपलं नातिचरामिच की गं. कन्यादानात मी त्याच्याकडून तेच तर वदवून घेतलं." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला असं म्हटलंय. ते पाऊल तुमचं पडलंय. काळजी करू नकोस."

कागद गोळा करायला लागले तसं लक्षात आलं, की आपल्याकडे लग्नाचा पुरावा माणसांत असतो. महाराष्ट्रात विवाह नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. आमचे गुरुजी सांगलीचे. त्यांना गाठायला बाबा स्कूटरवरून तीनदा गेले, कारण लग्नसराईत गुरुजी घरी सापडणं कठीण. सही करताना त्यांनी आधी मुहूर्त पुन्हा पंचांगात पाहिला, वेळ बरोबर लिहिली आहे ना याची खात्री केली, मगच पेन टेकवलं. नगरपालिकेत, महानगरपालिकेत, कुठेही त्या सहीची कुणी एवढी कदर केली नसेल. मला ती अजून डोळ्यांसमोर दिसते.

लग्नपत्रिकेचं भाषांतर हा एक वेगळाच अध्याय होता. इंग्रजीत नसलेला प्रत्येक कागद भाषांतर करून, भाषांतरकाराचं नाव, पत्ता आणि पात्रता लिहून द्यावा लागतो. पुण्यातल्या ज्या भाषांतरकार काकूंकडे आम्ही गेलो, त्या पत्रिका हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या. 'चि. सौ. कां.' याचं काय करायचं? मुलासाठी नुसतं चिरंजीव, मुलीसाठी चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. दोन्हींत आशीर्वाद आहे, आणि मुलीच्या आशीर्वादात नवऱ्याचं आयुष्यही मागितलेलं आहे. पत्रिकेत आजोबांच्या नावाआधी 'कै.' होतं. खाली सगळ्या काकांची, मामांची, आत्यांची नावं होती आणि अगदी शेवटी माझ्या चुलत भाच्यांच्या नावाने छापलेली ओळ: आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं! काकू म्हणाल्या, "काही गाळायचं नाही. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. खोट्या लग्नात मुलांना कोण बोलवायला लावतं?" त्यांनी ती ओळ उद्गारचिन्हासकट इंग्रजीत उतरवली.

काकूंच्या तोंडून 'खोटं लग्न' हा शब्द आला तेव्हा मला तो टोचला. पण मग आठवलं, की लग्न ठरण्याआधी माझ्या बाबांनीही मुलाकडे कागद मागितले होते. पगाराची पावती, व्हिसाची प्रत, तो जिथे राहतो त्या घराचा पत्ता. बाबांच्या एका सहकाऱ्याच्या मुलीला परदेशातल्या नवऱ्याने लग्नानंतर नेलंच नव्हतं. ती चार वर्षं माहेरी वाट पाहत राहिली. अशा तक्रारी इतक्या आल्या, की २००९ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाकडे परदेशस्थ विवाहांच्या तक्रारींचं काम सोपवावं लागलं. ऑस्ट्रेलियाच्या या व्हिसात नवऱ्यालाही पोलिसांचा दाखला द्यावा लागतो, हे कळल्यावर बाबांना जो दिलासा मिळाला तो मी त्यांच्या आवाजात ऐकला. तेव्हापासून मला त्या अधिकाऱ्याचा राग आला नाही. तो माझ्या बाबांचंच काम उरलेल्या अर्ध्या वाटेवर करत होता.

राग आला तो उशिराचा. त्याबद्दल पुढे लिहिते.

सगळ्यात अवघड होतं ते निवेदन. दोघांनी आपापलं, वेगळं लिहायचं. कसे भेटलात, नातं कसं वाढलं, घर कसं चालवता, पुढचं काय ठरवलंय. आणि त्यात एक प्रश्न: आपण आयुष्य एकत्र काढायचं हे तुम्ही कोणत्या तारखेला ठरवलंत?

आमच्या घरांमध्ये असं कुणी कुणाला विचारत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "आजोबांनी हो म्हटलं, त्या दिवशी." मी फार विचार केला आणि लग्नाची तारीख लिहिली. सप्तपदीची. मला तेच खरं वाटत होतं. त्याआधी मनात पसंती होती, ओढ होती, पण ठरवणं त्या दिवशीचं.

अपलोड करण्याच्या आदल्या दिवशी आम्ही एकमेकांची निवेदनं वाचली. त्याने वेगळीच तारीख लिहिली होती. डिसेंबर २०२२ मधली, लग्नाच्या दोन महिने आधीची. त्या संध्याकाळचा फोन मी जवळजवळ विसरले होते. मी एकुलती एक. त्या दिवशी धीर करून मी त्याला म्हटलं होतं, की लग्नानंतरही माझ्या पगारातले काही पैसे दर महिन्याला आईबाबांना जातील, आणि पुढे नोकरी सुटली तरी ते बंद व्हायला नकोत. तो फक्त "बरं" म्हणाला होता. बाकी काही नाही. फोन ठेवल्यावर मला ते 'बरं' फार तुटक वाटलं होतं. त्या रात्री मी नीट जेवलेही नव्हते.

त्याने लिहिलं होतं: "त्या दिवशी ती आधी तिच्या आईवडिलांबद्दल बोलली, मग स्वतःबद्दल. तिला हे सांगायला किती जड गेलं ते मला कळलं, पण काय बोलावं ते सुचलं नाही. फोन ठेवल्यावर मी माझ्या महिन्याच्या खर्चाचा तक्ता उघडला आणि त्यात 'सांगली' अशी एक नवी ओळ घातली. माझ्या दृष्टीने ठरलं ते त्या दिवशी." खाली त्या तक्त्याचं चित्र जोडलं होतं. भाडं, वीज, गॅस, रेल्वेचं कार्ड, पुणे आणि सांगली. डिसेंबर २०२२ पासून त्या ओळीपुढे दर महिन्याला एक रक्कम वेगळी काढून ठेवलेली होती. त्याने मला ते कधीच सांगितलं नव्हतं.

मी खूप वेळ काही बोलले नाही. मग त्याला विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "बरं म्हटलं होतं की."

ज्या सल्लागाराकडून आम्ही कागद तपासून घेत होतो, त्यांनी दोन्ही निवेदनांत तारीख एकच करून घ्या, नाहीतर अधिकाऱ्याला शंका येईल असं सांगितलं. तसंच, फोटोंमध्ये जवळीक कमी दिसते, मिठीतले दोन-चार घाला असंही सुचवलं. आम्ही दोन्ही केलं नाही. फरक का आहे ते प्रत्येकाने आपापल्या निवेदनात एका परिच्छेदात लिहिलं, आणि मिठीच्या जागी तो सांगलीच्या ओळीचा तक्ता राहू दिला. असा अर्ज करणाऱ्या कुणी मला विचारलं तर मी हेच सांगीन: जे घडलं तेच लिहा, जसं घडलं तसंच लिहा. आपलं नातं दुसऱ्या कुणाच्या नात्यासारखं दिसावं म्हणून धडपडू नका.

फोटोंना ओळी लिहिण्याचं काम मी आणि सासूबाईंनी मिळून केलं. त्यांना मी अहोआई म्हणते. जेवणघराच्या टेबलावर फोटो पसरून त्या चष्मा लावून बसायच्या आणि मी लॅपटॉपवर टंकायचे. तारीख, ठिकाण, कोण कोण. त्यांना सगळ्यांची नावं पाठ. "ही माझी धाकटी नणंद, हा तिचा जावई, आणि हा मागे अर्धा दिसतोय तो मांडववाला, त्याचं नाव नको घालूस." घरच्या लक्ष्मीपूजनाचा फोटो आला, तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहितानाचा. अर्जात एक प्रश्न आहे, तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखतात का. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "नाही लिही. मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं, मुलीचं आहे तेच नाव लिहायचं म्हणून." पासपोर्टवर माझं नाव आजही बाबांच्या नावासकट, माहेरच्या आडनावाने आहे.

ज्या दोघांची साक्ष नियमाप्रमाणे फॉर्म ८८८ वर लागते, ते ऑस्ट्रेलियाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असावे लागतात. त्याच्या मेलबर्नच्या दोन मित्रांनी तो भरला. पण अहोआईंना वाटलं, आपणही लिहावं. फुलस्केपवर, शाईच्या पेनाने, त्यांनी पानभर मराठीत लिहिलं आणि नोटरीकडे जाऊन सही केली. त्यात एक ओळ होती: "सूनबाई शाळेतून आली की दुपारी अडीच वाजता ताट वाढून फोनसमोर बसते, तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात वाजतात आणि मुलगा रात्रीचा स्वयंपाक करतो. ऑक्टोबरात तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली, की तो जेवायला थांबतो आणि मग दोघं एकदम पहिला घास घेतात. अर्ज करण्यापूर्वी मला हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं." ऑक्टोबरचं त्यांना कसं माहीत? आमचं लग्न ठरण्याआधीपासून त्या एकट्या त्याच्याशी फोनवर बोलत होत्या. साडेचार तासांचा फरक साडेपाच कधी होतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

अर्ज गेला. मग वाट पाहणं सुरू झालं.

मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या. पोलीस पडताळणीला घरी आलेल्या हवालदारांना अहोआईंनी चहा दिला. पुढे महिनोन्‌महिने काही नाही. दिवाळसण आला, सांगलीला पुन्हा फोन तांब्याला टेकवला. संक्रांत आली. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाला साठ बायका, आणि दर दुसरी विचारायची, "आला का गं व्हिसा?" चांगल्या मनाने विचारायच्या. पण घरी आल्यावर मी दागिने उतरवताना हलवा मोजत बसायचे, तेवढाच वेळ जावा म्हणून.

हा वेळ फार महाग असतो. सासरी नवऱ्याविना राहणाऱ्या मुलीला घर कितीही चांगलं मिळालं, तरी तिची जागा ठरत नाही. माझं नशीब की मला अहोआई मिळाल्या आणि मी नोकरी सोडली नव्हती. माझ्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीने व्हिसा येईलच म्हणून राजीनामा दिला. घरातल्या घरात वर्षभर तिचं जे झालं ते मी जवळून पाहिलंय. अर्ज तपासायला वेळ लागतो हे मला कळतं. पण अर्ज कुठवर आला, कुणी उघडला का, एवढं जरी कुणी मध्ये कळवलं असतं, तरी कितीतरी बायकांच्या रात्री जरा बऱ्या गेल्या असत्या.

मे २०२४ मध्ये शाळेला सुट्टी लागल्यावर मी पर्यटक व्हिसावर चार आठवडे जाऊन आले. मेलबर्नला थंडी सुरू झाली होती. फोनच्या पडद्यावर रोज पाहिलेलं स्वयंपाकघर पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. फोन ठेवायची जागा खिडकीच्या कट्ट्यावर होती, मिठाच्या बरणीला टेकून. त्या जागेवर एक गोल डाग पडला होता. तो डाग पाहून मला रडू आलं. परत निघताना विमानतळावर त्याने एवढंच विचारलं, "बरं?" मी म्हटलं, "बरं."

सप्टेंबर २०२४ मध्ये, अर्जाला तेरावा महिना लागला असताना ईमेल आली. मी वर्गात होते, नववी ब. तास संपेपर्यंत फोन पाहिला नाही. नंतर शिक्षककक्षात वाचली, आधी त्याला फोन केला, मग अहोआईंना, मग सांगलीला.

निघायच्या आदल्या आठवड्यात अहोआईंनी गोडा मसाला करायला घेतला. धने, दगडफूल, तीळ, खोबरं, एकेक वेगळं भाजलं. मी सांगितलं होतं, की तिकडे विमानात एक कार्ड भरावं लागतं, खाण्याचं जे काही नेतोय ते सगळं त्यावर जाहीर करायचं असतं, आणि अधिकारी उघडून पाहतात. त्यांनी ऐकलं, काही बोलल्या नाहीत. रात्री मी बॅग भरायला बसले तेव्हा प्रत्येक पुडीवर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती. शाईच्या पेनाने, शाळेतल्या मुलीसारख्या वळणदार इंग्रजी अक्षरात. तारीख, ठिकाण, कोण कोण.

मेलबर्नला उतरल्यावर मी कार्डावर 'हो'च्या चौकटीत खूण केली आणि तपासणीच्या रांगेत गेले. अधिकारी बाईंनी बॅग उघडली, वरची पुडी उचलली आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली: "गोडा मसाला. पुणे, २ ऑक्टोबर २०२४. डावीकडून: मी आणि सूनबाई."

त्यांनी पुडी हातात धरूनच वर पाहिलं आणि विचारलं, "यातली तुम्ही कोण?"

"उजवीकडची," मी म्हटलं.